एका ठशाची सात नाणी

१

चांदीच्या नाण्यात आपलं तोंड बघता येतं, हे तुम्हाला कधी कुणी सांगितलंय का?

सगळ्याच नाण्यांत नाही बघता येत. टांकसाळीत नाण्याचा ठसा घासून लख्ख केला, की त्यातून निघणारी पुढची काही नाणी आरशासारखी निघतात. जुन्या डॉलरवर लिबर्टीच्या, म्हणजे स्वातंत्र्यदेवीच्या, चेहऱ्यासमोर नखाएवढी मोकळी जागा असते, तिथे हा आरसा सापडतो. तो किती खोल आहे हे मोजायची एक रीत आहे. इंचाइंचावर आकडे लिहिलेला पुठ्ठा नाण्याच्या कडेला उभा धरायचा आणि नाण्यात कुठपर्यंतचे आकडे वाचता येतात ते बघायचं. कुणात दोन इंच वाचता येतात, कुणात सहा. माझ्या भावाने, ऑरिनने, बुटांच्या खोक्याचं झाकण कापून असा पुठ्ठा केला होता. त्यावर एक ते बारा आकडे होते. बाराच्या पुढे लिहायची त्याला कधी गरज वाटली नव्हती.

मी यातलं काही शिकलेली बाई नव्हे. हायस्कूल संपलं आणि त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरीला लागले. तिथे सव्वीस वर्षं मुलांना जेवण वाढलं. नाण्यांचं वेड ऑरिनचं. आमचे वडील ब्यूटच्या खाणीत होते. त्या काळी आमच्या माँटानात पगाराबरोबर थोडे चांदीचे डॉलर हातात पडायचे. त्यातला एक ते शुक्रवारी ऑरिनला बघायला द्यायचे आणि रविवारी परत मागून घ्यायचे. नाणं जाणार हे ठाऊक असल्यामुळे तो ते पाठ करून ठेवायचा. कुठला केस तुटलाय, कुठल्या अक्षराचा पाय जाड आहे, गरुडाच्या पंखावर कुठे रेघ आहे, सगळं. पुढे तो खाणीच्या कारखान्यात हत्यारं घडवायला लागला, पण शनिवार-रविवार त्याचे याच कामात जायचे. एकाच साली, एकाच टांकसाळीत बनलेली नाणीसुद्धा सारखी नसतात. ती वेगवेगळ्या ठशांतून निघालेली असतात. कुठलं नाणं कुठल्या ठशाचं हे ओळखायचं, हेच त्याचं काम. लोक लांबून लांबून त्याच्याकडे नाणी पाठवायचे.

मग त्याचे डोळे गेले. अगदी आंधळा झाला नाही, पण जिथे बघावं तिथेच धुकं. कडेकडेचं दिसायचं, मधलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, आता एकटं राहू नका. ऑक्टोबरात मी माझं सामान घेऊन त्याच्या घरी आले. नवऱ्याला जाऊन सात वर्षं झाली होती, मूलबाळ नाही. तो त्र्याहत्तर वर्षांचा, मी छप्पन. या जगात मला 'छोटे' म्हणणारा तेवढा एकच माणूस उरला होता.

२

सकाळी कॉफी झाली की आम्ही कामाला बसायचो. टेबल उत्तरेच्या खिडकीशी होतं. मी भिंग डोळ्याला लावून सांगायची, तो ऐकायचा.

"केसांपासून सुरू कर," तो म्हणायचा. "मग डोळा, मग कान. भाजी चिरल्यासारखी घाई करू नकोस."

"कानाच्या पाळीखाली एक ठिपका आहे."

"वर आलेला की आत गेलेला?"

"वर आलेला."

"मग तो ठशाचा. आत गेलेला असता तर नाण्याचा असता."

हे मला फार आवडायचं. वर आलेली खूण ठशाची असते, म्हणजे त्या ठशातून निघालेल्या सगळ्या भावंडांच्या अंगावर ती असते. आत गेलेला ओरखडा मात्र त्या एकट्या नाण्याचा, त्याने स्वतः सोसलेला. दुसरी गोष्ट त्याने पहिल्याच आठवड्यात शिकवली. कधीकधी ठशाला तडा जातो आणि नाण्यावर त्याची केसासारखी उंच रेघ उठते. एकाच ठशाची नाणी क्रमाने लावायची तर ही रेघ बघायची. जिथे ती आखूड ते नाणं आधीचं, जिथे लांब ते नंतरचं.

"तडा वाढतो, मिटत नाही," तो म्हणायचा. "पोलाद म्हणजे कातडी नव्हे, छोटे. ते भरून येत नाही."

"आणि तडा नसेलच तर?"

"तर आरसा बघायचा. ठसा नवा घासलेला असतो तेव्हा आरसा खोल. वापरून वापरून उथळ होत जातो."

मी सांगायची आणि तो ठशांच्या जाड यादीतला नंबर पाठ म्हणून दाखवायचा. मग मी यादी उघडून ताडून बघायची. तो चुकलाय असं मला एकदाही आढळलं नाही. दुपारी मी पेस्टी भाजायची, आमच्या आईसारखी, कणकेच्या मोठ्या करंजीत मांस-बटाटा-कांदा भरून. तो म्हणायचा, "आईची बरी होती," आणि दोन खायचा.

त्याची कानपट्ट्यांची करडी टोपी कपाळापाशी फाटली होती. नोव्हेंबरात मी ती रफू केली. करडी लोकर संपली होती म्हणून लाल लावली. त्याला काय दिसणार, असं मनात म्हटलं, ते खोटं नाही सांगत. पण त्याचा मित्र एमेट ड्रिस्कल आला आणि ओरडला, "अरे ऑरिन, कपाळावर टोमॅटो फोडून कुठे निघालास?"

"व्हर्ना! तू लाल लोकर लावलीस?" ऑरिनने मला विचारलं.

"बर्फात हरवलास तर लांबून दिसशील," मी म्हणाले. तिघंही हसलो.

इतकं सगळं ठीक चाललं होतं. दोनच गोष्टी मला खटकायच्या.

शेगडीजवळ ऑरिनची डुलती खुर्ची होती. चाळीस वर्षं तो तिच्यातच बसत आला होता, तिचे हात त्याच्या हातांनी गुळगुळीत झाले होते. पण मी आल्यापासून तो तिच्यात कधीच बसला नाही. जेवायलासुद्धा माझ्याशेजारी टेबलाच्या बाकावर बसायचा, पाठ दुखली तरी. विचारलं तर म्हणायचा, "मोडलीय ती." मी बसून पाहिलं. खुर्ची धडधाकट होती.

आणि दुसरं म्हणजे दार. आमच्याकडे दिवसा कुणी कडी लावत नाही. ऑरिन मात्र मी बाहेरून आले की पहिलं विचारायचा, "कडी लावलीस?" आणि उठून, भिंत चाचपत, शेगडीच्या दांडीला, मग फळीला, मग टोपीच्या खुंटीला हात लावत जाऊन कडी स्वतःच्या बोटांनी बघून यायचा.

३

डिसेंबरच्या सुरुवातीला त्याने कपाटातून तंबाखूचा एक जुना डबा काढायला सांगितला. आत फलाटीनच्या तुकड्यांत गुंडाळलेले सहा डॉलर होते. सन १८८०, टांकसाळ कार्सन सिटीची. सहाही आरशाचे.

"हा ठसा यादीत नाही," तो म्हणाला. "मीच शोधला. पहिला सापडला त्याला अकरा वर्षं झाली. सहाही एकाच ठशाचे आहेत का, तेवढं बघ."

होते. सहांच्याही कानाखाली तो मोहरीहून बारीक ठिपका होता, वर आलेला.

"तडा?"

"मला तर दिसत नाही."

"नाहीच आहे. मी अकरा वर्षं शोधलाय. आता आरसे मोज."

पुठ्ठा उभा धरून मी मोजायला लागले. पहिल्यात तीनपर्यंत आकडे वाचता आले, दुसऱ्यात चार, मग पाच, सहा, आठ, नऊ. ऑरिन बोलत नव्हता. एरवी मी मोजत असताना तो काहीतरी टोमणा मारायचाच.

"आता पुठ्ठा काढ," तो म्हणाला. "नाणं थोडं तिरपं कर आणि नुसतं बघ. काय दिसतं ते सांग."

मी तीन इंचवालं नाणं तिरपं केलं. माझ्या खांद्यामागची खोली त्यात आली. नखाएवढी, करडी, पण स्वच्छ. शेगडी आली. खुर्ची आली.

खुर्चीत कुणीतरी बसलं होतं.

मी वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती. ऑरिन माझ्याशेजारी होता, त्याचं कोपर माझ्या कोपराला लागत होतं.

"काय दिसलं?" तो म्हणाला.

"कोट अडकवायचा खांब," मी म्हणाले. खुर्चीच्या मागेच तो खांब होता, त्यावर माझा जाड कोट. सावली पडली असणार. मी उठले, खांब उचलून आतल्या खोलीत ठेवला आणि परत येऊन बसले. हात पुसून आले होते तरी बोटं ओली वाटत होती.

नाणं तिरपं केलं. खुर्चीत तो होताच. चेहरा ओळखू येण्याइतकं दिसत नव्हतं. दोन खांदे, डोकं आणि खुर्चीच्या हातावर ठेवलेला हात.

"छोटे," ऑरिन हळूच म्हणाला, "बसलाय का तो?"

४

मी कॉफी केली. तेवढ्यात मला विचार करायला वेळ मिळाला.

तो सांगत होता ते असं. पहिलं नाणं सापडलं तेव्हा त्याला दाराशी काहीतरी दिसलं, पण मनावर घेतलं नाही. दुसरं दोन वर्षांनी आलं. त्यात ते काहीतरी दाराच्या थोडं अलीकडे होतं. मग डोळे बिघडायला लागले. डॉक्टर म्हणाले, नजर जाणाऱ्या माणसांना कधीकधी खोटी माणसं दिसतात, घाबरू नका, वेड नव्हे ते. त्याला फार बरं वाटलं होतं.

"मला वाटलं, माझ्याच डोळ्यांत आहे. नाण्यात नाही. तुला नसतं दिसलं तर मी आज खुर्चीत जाऊन बसलो असतो."

"मला दिसलं असं मी कुठे म्हटलं?"

"खांब उचलून आत नेलास की."

मग आम्ही सहाही नाणी नीट बघितली, म्हणजे मी बघितली. नऊ इंचवाल्यात तो दाराजवळ उभा होता. आठात फळीपाशी. सहात आणि पाचात खोलीच्या मध्ये, शेगडीच्या दांडीपाशी. चारात खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. तीनमध्ये खुर्चीत.

खोल आरसा आधीचा, उथळ नंतरचा. क्रम उघड होता. दारातून आत येऊन तो खुर्चीपर्यंत पोचला होता.

मी स्वतःला खूप समजावलं. उथळ आरशात जवळचंच दिसणार आणि खोल आरशात लांबचं, त्यात नवल ते काय. चांदीवर हवेने डाग पडतात, डागांची माणसं दिसतात. ढगांतही दिसतात. शिवाय हे नाणं बनलं तेव्हा ही खोली नव्हती, ही शेगडी नव्हती, आमचे आजोबासुद्धा समुद्र ओलांडून इकडे आले नव्हते. हे सगळं मी ऑरिनला मोठ्याने सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "आता एवढंच सांग. अजून एखादं नाणं निघालं, तीनपेक्षा उथळ, तर त्यात तो कुठे असेल?"

खुर्चीनंतर हे टेबलच होतं. टेबलाशी तो बाक, आणि बाकावर आम्ही दोघं.

"तुला काय वाटतं, कुणासाठी येतोय?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"खुर्ची कुणाची आहे?" ऑरिन म्हणाला.

त्या दिवसापासून दाराची कडी मी त्याने न विचारताच लावायला लागले. कडीच्या वर एक जुनं कुलूप होतं, ते तेल घालून सुरू केलं. चालताना मी खुर्चीला वळसा घालायची. दिवसभर खोलीत ती एक जागा गरम शेगडीजवळ रिकामी असायची, आणि कधी जमीन हादरली, रस्त्यावरून बर्फ ढकलायची गाडी गेली, की ती दोनदा डुलायची आणि थांबायची. ऑरिन तोंडातला घास तसाच ठेवून ऐकत बसायचा. त्याचं वजन उतरलं. दोनाच्या जागी एक पेस्टी, मग अर्धी. रात्री त्याचा पलंग करकरायचा तेव्हा मला कळायचं की हा जागा आहे. सत्तरी ओलांडलेला माणूस असा जागला तर किती दिवस काढणार? तो यायच्या आधी ही वाट बघणंच माझ्या भावाला नेणार, असं मला वाटायला लागलं.

डबा नदीत टाकू या, असं मी एकदा म्हणालेसुद्धा.

"टाक," तो म्हणाला. "मग तो कुठे पोचला, ते कळायचंसुद्धा नाही."

५

सातवं नाणं जानेवारीत एमेट घेऊन आला. त्याचं गावात नाण्यांचं छोटं दुकान होतं. अकरा वर्षांपूर्वीच ऑरिनने त्याला सांगून ठेवलं होतं की कार्सन सिटीचा आरशाचा १८८० दिसला तर कानाखाली बघ.

"दार उघडा, बाईसाहेब! कुलूप कसलं लावता? बँक आहे का ही?" तो बाहेरून ओरडत होता. आत येऊन त्याने बुटांवरचं बर्फ झटकलं आणि सरळ ऑरिनच्या खुर्चीत जाऊन बसला. आम्ही दोघांनी एकदम श्वास घेतला.

"काय झालं? मोडली का?"

"नाही," ऑरिन म्हणाला. "बस तू. कसं वाटतंय?"

"खुर्चीसारखं वाटतंय. तू रोडावलास हं ऑरिन. व्हर्ना, याला खायला घालत नाहीस का? शाळेतली पोरं तर तुझ्या हातचं खाऊन ढोल झाली होती."

"पोरं टोमणे मारत नव्हती," मी म्हणाले.

त्याने कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं. नाणं कडेला धरून मी खिडकीशी नेलं. कानाखाली ठिपका होता.

"आरसा?" ऑरिन म्हणाला. त्याचे दोन्ही हात टेबलावर पालथे होते. "उथळ आहे का?"

मी पुठ्ठा उभा केला. तीन. पाच. आठ. दहा. बारा वाचलं आणि बाराच्या वर पुठ्ठ्याची कड दिसली, कडेच्या वर छत दिसलं.

"उथळ नाही," मी म्हणाले. "ऑरिन, उथळ नाही. बाराच्याही पुढे आहे. इतका खोल मी बघितलाच नाही."

त्याने इतका मोठा श्वास सोडला की एमेटने त्याच्याकडे वळून पाहिलं. "म्हणजे पहिलं," ऑरिन म्हणाला. "सगळ्यात आधीचं. मग यात तो नुकता येत असणार."

"कोण येतोय?" एमेट म्हणाला.

मग ऑरिन म्हणाला, "तू जरा बघ रे यात. तुला काय दिसतं?"

एमेटने नाणं इकडेतिकडे फिरवून बघितलं. "माझं नाक दिसतंय. केवढं झालंय हे! आमच्या आजोबांचं असंच होतं." मग त्याने एक पेस्टी खाल्ली, एक कागदात गुंडाळून घेतली आणि गेला. तो गेल्यावर खुर्ची बराच वेळ डुलत राहिली.

६

दुपारभर ऑरिन आतल्या खोलीत पडून होता. मी सातही नाणी फलाटीनवर ओळीने मांडली. नऊच्या आधी बारावालं, असं. आरशात बघायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून त्याने पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं तसं नुसतं नाणं बघायला लागले. केसांपासून सुरुवात, मग डोळा, मग कान. मान. मानेखालचा सालाचा आकडा.

सालाखाली, नाण्याच्या कडेपासून निघून मानेच्या टोकापर्यंत, एक केस होता.

मी फुंकर मारली. गेला नाही. भिंगाखाली तो वर आलेला होता.

तडा.

मी नऊवालं नाणं घेतलं. तिथेही होता, पण सालाच्या खालीच थांबलेला. इतका बारीक, की लांब कुठवर जातो हे ठाऊक असल्याशिवाय सापडलाच नसता. आठात त्याहून आखूड. सहात कडेपाशी फक्त नखाच्या टोकाएवढा. पाच, चार आणि तीन इंचवाल्यांत तो मुळीच नव्हता. ऑरिनने अकरा वर्षं शोधला होता, पण ती त्याच्या बिघडत जाणाऱ्या डोळ्यांची अकरा वर्षं होती. आणि मी शोधलाच नव्हता. मी म्हटलं, दिसत नाही; तो म्हणाला, नाहीच आहे. मला आरशातलं बघायची घाई झाली होती.

तडा वाढतो, मिटत नाही.

म्हणजे तीनवालं सगळ्यात आधीचं होतं आणि बारावालं सगळ्यात शेवटचं. टांकसाळीत कुणीतरी हा ठसा पुन्हापुन्हा काढून घासला होता, म्हणून आरसा उथळ होण्याऐवजी खोल होत गेला होता. आमचा क्रम उलटा होता. पहिल्यापासून उलटा.

मी धावतच आत गेले.

"ऑरिन! ऊठ! तो येत नाहीये. तो जातोय!"

त्याने मला तीनदा सांगायला लावलं. कडेपासून कुठवर, वर आलेला की आत गेलेला, कुठल्या नाण्यात किती. मग बाहेर येऊन टेबलाशी बसला आणि सातव्या नाण्यावरून नखाचं टोक अगदी हलकं फिरवलं. नाण्याच्या तोंडाला त्याने बोट लावलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

"लागला," तो म्हणाला. "लागला गं! शाळेतल्या वाढपीणबाईने माझी चूक काढली. एमेटला कळलं तर जगू देणार नाही मला."

"मी सांगणारच आहे त्याला."

"सांग. खुशाल सांग." तो हसत होता, आणि त्याच्या त्या धुकटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "आधी खुर्चीत होता. मग उठला. मग दारापर्यंत गेला. जाऊ दे बिचाऱ्याला."

तो उठला, खुर्चीपाशी गेला, तिच्या पाठीवर हात ठेवून क्षणभर थांबला आणि बसला. खुर्चीने ओळखीचा आवाज केला. त्याने दोन पेस्ट्या खाल्ल्या.

"आईच्या बरोबरीच्या झाल्यात," तो म्हणाला. "आणि ते कुलूप काढ आता. लाज वाटते मला."

मी कुलूप काढलं.

७

साडेचारला उजेड जायला लागला. ऑरिन खुर्चीत डुलत होता, डोळे मिटून. नाणी गुंडाळायला मी खिडकीशी गेले. सहा गुंडाळून डब्यात ठेवली. सातवं हातात होतं. आता भीती कसली, असं वाटून मी ते तिरपं केलं. मला त्याची पाठ बघायची होती, एवढंच. निघालेल्या पाहुण्याकडे आपण दारातून बघतो तसं.

बाराच्याही पुढचा आरसा तो. सगळी खोली त्यात आली, पार दारापर्यंत. शेगडी, रिकामी खुर्ची, फळी. दार थोडं उघडं होतं आणि फटीत बर्फाचा पांढरा उजेड होता. तो दारात उभा होता, अर्धवट वळलेला. एक हात मागे, भिंतीवर. बोटं पसरलेली. फळीवरून खुंटीपर्यंत चाचपत आलेली बोटं असतात तशी.

खुंटी रिकामी होती.

चांदीतलं सगळं करडंच असतं. पण त्याच्या कपाळावर, टोपीला, एक लाल ठिपका होता.

मी वळले. दार बंद होतं. करडी टोपी खुंटीवर होती. ऑरिन खुर्चीत होता आणि डुलत होता.

मला आता कळलं होतं की खुर्ची कुणाची होती आणि तिच्यातून कोण उठलं होतं. ते त्याला सांगावं असं मला एकदाही वाटलं नाही. कितीतरी आठवड्यांनी त्याच्या चेहऱ्यावर रंग आला होता. मी नाणं गुंडाळलं, डबा कपाटात सगळ्यात वर ठेवला, आणि चालत जाऊन दाराला कडी घातली. कडीवर कुलूप घातलं. किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात बांधली आणि झग्याच्या आत टाकली. ती थंड होती.

खुर्ची डुलायची थांबली.

"कुलूप लावलंस का?" ऑरिन म्हणाला.

"वारा सुटलाय."

"वारा नाहीये." तो माझ्या दिशेने बघत होता, मी जिथे उभी होते त्याच्या थोडं बाजूला. तिकडून त्याला जरा दिसायचं. "अगं, जाणाऱ्याला कशाला अडवतेस? तूच तर म्हणालीस, जातोय म्हणून."

"सकाळी काढते," मी म्हणाले.

मग त्याने हात पुढे केला आणि मी जाऊन तो धरला. हत्यारं घडवलेला हात, अजून गरम, अजून जड.

"नीट बघितलंस ना, छोटे?" तो म्हणाला. "घाई न करता?"

"हो."

"मग झालं तर," तो म्हणाला. मी त्याला आतल्या खोलीत नेऊन निजवलं, दुसरी गोधडी घातली. दार लोटून घेताना तो म्हणाला की रफू छान झालंय हं, बोटाला जराही लागत नाही.

त्या रात्री मी जागायचं ठरवलं होतं, पण शेगडीशी बसल्या बसल्या मला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराला माझं कुलूप तसंच होतं आणि किल्ली माझ्या गळ्यात होती. ऑरिन खुर्चीत होता, जीव गेलेला, लाल रफूची टोपी डोक्यावर, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, आणि शेगडी पेटती असूनही त्याच्या बुटांवरचं बर्फ अजून वितळलं नव्हतं.